सरांच्या आलेखाची सरळ रेष

मी भांडकुदळ आहे याबद्दल आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. बसचा कंडक्टर असो, भाजीवाली असो की माझा थोरला भाऊ, दोन वाक्यांत जुंपायची. पण भांडायला समोर कुणीतरी लागतं. नव्वदच्या दशकात बंगळूरच्या एका संस्थेत मी एका सरळ रेषेशी जवळजवळ तीन आठवडे भांडले आणि ती ढिम्म हलली नाही. त्या तीन आठवड्यांत दोन आणि दोन चारच होतात ना, याचीसुद्धा मला खात्री वाटेनाशी झाली होती.

माझं काम तसं सोपं होतं. संस्थेत एक वातानुकूलित खोली होती. बाहेर चपला काढून आत जायचं, आत एकच संगणक, आणि त्या संगणकात गणिताचं एक महागडं सॉफ्टवेअर. ज्याला आलेख काढून हवा असेल त्यानं आपलं सूत्र कागदावर आणून द्यायचं, मी ते यंत्राला कळेल अशा भाषेत लिहायचं आणि छापून द्यायचं. प्राध्यापक मंडळी मला समोर ‘मॅडम’ आणि पाठीमागे ‘ग्राफवाली’ म्हणत. मला त्या नावाचा राग नव्हता. भाजीवाली, दूधवाली, तशी ग्राफवाली.

आमचं घर चामराजपेटेत आणि वडिलांचं दुकान चिकपेटेत, कड्या, कोयंडे, बिजागऱ्यांचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि दसऱ्याला दोन्हीकडच्या सगळ्या रीती. बंगळुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, कुंकवातून काही सुटत नाही. संस्थेतले शिपाई, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. त्यांनी त्या वर्षी संगणकाला शेवंतीची माळ घातली, पडद्याच्या कडेला कुंकवाची बोटं ओढली आणि हातात लिंबू घेऊन विचारात पडले. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, इथे चाक कुठलं? शेवटी त्यांनी ते माऊससमोर ठेवलं, कारण टेबलावर फिरणारं तेवढंच होतं.

पूजेनंतर हत्यार परत हाती घ्यायचं ते दसऱ्याच्या सकाळी, आणि पहिलं काम शुभ करायचं, ही आमच्या घरची रीत. वडील दुकान उघडून पहिल्या डझनभर बिजागऱ्या मोजत तेव्हा ‘एक’ म्हणत नसत. लाभ, दोन, तीन, चार, असं मोजत. धान्य मापणाऱ्यांची ही जुनी पद्धत आमच्याकडे लोखंडालाही लागू होती. मीही सुट्टी असून मुद्दाम संस्थेत गेले, संगणक सुरू केला, ‘एक्स बरोबर एक’ असं टाइप केलं, मनात ‘लाभ’ म्हटलं, पडद्याला नमस्कार केला आणि घरी येऊन पुरणपोळी खाल्ली. त्यानंतर ही गोष्ट माझ्या डोक्यातून पार गेली.

संक्रांत झाली आणि सर आले.

सर म्हणजे एका कॉलेजातून निवृत्त झालेले स्थापत्यशास्त्राचे प्राध्यापक. जयनगरात राहायचे. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या घराण्यातले, त्यामुळे त्यांची मराठी ऐकून पुण्याची माणसं चमकायची. आम्हा चामराजपेटवाल्यांना ती अगदी घरची वाटे. थंडी असो वा नसो, अंगात मातकट रंगाचा स्वेटर, काखेत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. आल्या आल्या म्हणाले, “काय गं, तुझं हे मशीन माझं एक काम करील काय? स्वल्पच आहे. पण चाळीस वर्षांचं आहे.”

ते चाळीस वर्षांचं स्वल्प काम असं. पाऊस पडतो तेव्हा काही पाणी जमीन पिते आणि उरलेलं वाहून तळ्यात जातं. वाहून जाणारा वाटा किती, यासाठी पुस्तकात जमिनीच्या प्रकाराप्रमाणे एक ठरीव आकडा दिलेला असतो. सरांचं म्हणणं, हा आकडा ठरीव नाही. पहिल्या तासात कोरडी जमीन घटाघटा पिते, मग तिचं पोट भरत जातं आणि वाहणारा वाटा तासातासाला चढत जातो. तरुणपणी त्यांनी हे वरिष्ठांना सांगितलं तेव्हा वरिष्ठ हसले होते. ते हसणं सर विसरले नव्हते. गावाबाहेरच्या एका तळ्याच्या काठी खुणा केलेली काठी रोवून त्यांनी कितीतरी पावसाळे मोजमाप केलं, त्यावरून स्वतःचं एक सूत्र बसवलं, आणि निवृत्तीनंतर प्रत्येक तासाचा आकडा हातानं काढला. अकरा वह्या भरल्या. एकेका आकड्याला आठ-आठ, दहा-दहा दिवस लागले होते. त्यावरून काढलेली वक्ररेषा त्या ट्रेसिंग पेपरवर होती, डावीकडे खालून निघून उजवीकडे चढत गेलेली.

आता एका नियतकालिकानं त्यांचा निबंध छापायचं कबूल केलं होतं, पण एक अट घालून. हातानं काढलेला आलेख चालणार नाही, संगणकाचा हवा. सरांचा तो आयुष्यातला एकुलता एक निबंध होता आणि आलेख पाठवायला महिन्याची मुदत होती. मी म्हटलं, “सर, हे तर दहा मिनिटांचं काम.” हे वाक्य पुढे मला फार छळणार होतं.

सूत्र लांबलचक होतं. मी ते जपून टाइप केलं, सरांनी कंस मोजले. मग मी आलेख काढायची आज्ञा दिली आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. यंत्रानं थोडा वेळ घेतला आणि रेष काढली. डावीकडून उजवीकडे, फूटपट्टीनं ओढावी तशी आडवी.

“स्वल्प थांब,” सर म्हणाले. “अजून चढेल.”

जसं काही ती अजून काढली जात होती. थोड्या वेळानं सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रेष होती तिथेच होती, शून्य पूर्णांक चार सहा तीन या उंचीवर. पुस्तकात अशा जमिनीसाठी जो ठरीव आकडा दिलेला असतो, त्याला अगदी खेटून.

“म्हणजे पुस्तकवाले बरोबर होते म्हणायचं,” सर म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. पण ते उठले तेव्हा ट्रेसिंग पेपरची गुंडाळी खुर्चीवरच राहिली आणि मला ती घेऊन त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावावं लागलं.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. दुसऱ्या दिवशी सूत्र पुसून नव्यानं टाइप केलं. रेष आडवी. कंसात कंस आहेत की नाहीत ते पेन्सिलीनं जोड्या लावून पाहिलं. आडवी. सहा तासांऐवजी बारा तास दाखव म्हटलं, बाराही तास आडवी. उभ्या अक्षाचं माप ताणलं, की बारीक चढ असेल तर दिसेल. रेष जाड दिसायला लागली, चढली नाही. आलेख काढताना यंत्र किती बिंदू तपासतं ते वाढवलं. त्यानं इमानेइतबारे दसपट बिंदू तपासले आणि सगळे एकाच उंचीवर आणून बसवले.

मग मी आलेख सोडला आणि नुसतं उत्तर विचारलं. दोन तासांनी किती? शून्य पूर्णांक चार सहा तीन. सात तासांनी? तेच. शंभर तासांनी? तेच. चिडून मी उणे पाच तास घातले, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या पाच तास आधी, तरी यंत्र शांतपणे तेच म्हणालं. मला वाटलं, चला, चूक सापडली, यंत्राचं डोकं फिरलंय. मी विजयी मुद्रेनं सरांना फोन केला.

“अगं, ठरीव आकडा असला तर त्याला वेळ कुठून कळणार?” सर म्हणाले. “उणे पाचला पण तोच येणार. ते बरोबरच आहे.”

खरंच की. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या फोनकडेच रागानं बघत होते.

कुठल्याही बाजूनं गेलं तरी सरच खोटे ठरत होते, हे सगळ्यात वाईट होतं. मी यंत्राला एक्सचा साधा वर्ग काढायला सांगितला. त्यानं वाटीसारखा सुबक आलेख काढला. लाटा काढ म्हटलं, लाटा काढल्या. त्या आठवड्यात दुसऱ्या दोन प्राध्यापकांची कामं झाली, दोघांचे आलेख हवे तिथे चढले आणि हवे तिथे उतरले. साऱ्या जगाच्या वक्ररेषा या यंत्राला मान्य होत्या, फक्त सरांची नव्हती. मी इतकी गोंधळले होते की एकदा सूत्र नीट वाचता वाचता मलाच वाटायला लागलं, खरंच, हे सरळच असेल. आतल्या आत सगळं एकमेकांना खाऊन टाकत असेल आणि सरांनी चाळीस वर्षं उगाच काठी रोवली असेल. मग मला माझीच लाज वाटली.

अण्णांचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, दृष्ट लागली आहे. दसऱ्याचं लिंबू दोन दिवस जास्त राहिलं, सुकलं, ते मी वेळेवर काढायला हवं होतं. मी म्हटलं, अण्णा, लिंबानं वर्गाचा आलेख का नाही बिघडवला? ते म्हणाले, मॅडम, दृष्ट म्हाताऱ्या माणसांना आधी लागते. त्यांनी संगणकामागच्या सगळ्या वायरी काढून, फुंकून परत लावल्या. मी यंत्र बंद करून चालू केलं, एकदा नव्हे, पाच वेळा. बंद-चालू केल्यावर त्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं, असं मी स्वतः लोकांना शिकवत असे. शेवटी मी फ्लॉप्यांची चळत घेऊन बसले आणि ते सगळं सॉफ्टवेअर मुळापासून परत चढवलं. सबंध दुपार गेली. पालथ्या घड्यावर पाणी. रेष आडवी ती आडवीच.

मग मला माझी एक मैत्रीण आठवली. ती दुसऱ्या एका कॉलेजात हेच काम करायची, त्यांच्याकडे याच सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती. मी माझी फाईल फ्लॉपीवर घेतली, बसनं तिच्याकडे गेले, तिच्या यंत्रात घातली आणि आज्ञा दिली.

रेष चढली! डावीकडे खालून निघाली आणि उजवीकडे चढत गेली, ट्रेसिंग पेपरवर होती तशी. मी एवढ्यानं ओरडले की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावलं. तिथला प्रिंटर बिघडलेला होता, पण मला कागदाची पर्वा नव्हती. फाईल बरोबर होती, सूत्र बरोबर होतं, सर बरोबर होते. मी धावत संस्थेत आले, तीच फ्लॉपी आमच्या यंत्रात घातली. आडवी.

तीच फ्लॉपी आणि तीच फाईल, अक्षराचाही फरक नाही. तिथे डोंगर आणि इथे सपाट. त्या संध्याकाळी घरी आईनं विचारलं, भातावर आमटी घालू की ताक, तर मला काय उत्तर द्यावं ते कळेना.

तरी मी आशेनं सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. ते खोलीत आले होते, खुर्चीवर न बसता उभेच होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ती जुनी आवृत्ती. ही नवी. नव्यात काय करतात? जुन्यातल्या चुका काढतात.”

“पण सर, तुमची रेष तिथे येते ना!”

“म्हणून तर बरं नाही ते. दोन यंत्रं दोन उत्तरं देतात आणि त्यातलं माझ्या बाजूचं तेवढं मी खरं मानायचं? विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी शून्य दिलं असतं गं.”

मी वाद घातला. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण आवाज चढला होता एवढं आठवतं. सर हसले. म्हणाले, “सरी, आयतु. झालं ते झालं. नियतकालिकाला कार्ड टाकतो, निबंध मागे घेतो म्हणून.” मग ट्रेसिंग पेपरची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली. “हे तुझ्याकडे राहू दे. खिडकीला लाव, दुपारचं ऊन येतं बघ तुझ्या पडद्यावर.” आणि ते गेले. बोलणं थट्टेचं होतं, पण मला ते ऐकवलं नाही.

मी तो कागद खिडकीला लावला नाही. ऊन आलं ते येऊ दिलं. चार-पाच दिवस मी त्या गुंडाळीकडे बघितलंही नाही. मग एका सकाळी काही काम नव्हतं. सरांच्या आडव्या रेषेचा छापलेला कागद समोर पडला होता, त्यावर मी सहज ट्रेसिंग पेपर पसरला. दोन्हींचं माप एकच होतं, सुरुवातीला मीच तसं मुद्दाम ठेवलं होतं. गंमत म्हणजे इतक्या दिवसांत हे दोन कागद एकमेकांवर ठेवायचं आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

सरांची वक्ररेषा खालून चढत येत होती, आणि एका ठिकाणी तिनं आडव्या रेषेला छेदलं होतं. कुठल्या तासाला, ते बघावं म्हणून मी अक्षावरच्या खुणांवर बोट ठेवून मोजायला लागले, वडील मोजायचे तसं. “लाभ,” मी म्हटलं, आणि बोट तिथेच थांबलं. दोन म्हणायची वेळच आली नाही. रेषा पहिल्याच खुणेवर छेदत होत्या. बरोबर एकावर.

एक्स बरोबर एक. दसऱ्याची सकाळ. पण ते तर मी नुसतं टाइप केलं होतं, त्यानंतर यंत्र शंभर वेळा बंद-चालू झालं होतं, ते कसं राहील? आणि मग मला पुढचं आठवलं. त्या सकाळी मला वाटलं होतं, वर्षातून एकदाच कशाला, रोजच शुभारंभ होऊ दे. सॉफ्टवेअर सुरू होताना आधी एक छोटी फाईल वाचतं, आपल्याला कायम हव्या असलेल्या ओळी तिच्यात लिहून ठेवता येतात. मी भक्तिभावानं ती ओळ तिथे लिहून ठेवली होती. ती फाईल वापरणाऱ्याची म्हणून वेगळी राहते, सॉफ्टवेअर नव्यानं चढवलं तरी तिला धक्का लागत नाही. दसऱ्यापासून रोज सकाळी, मी चपला काढून खुर्चीत बसण्याआधीच, ते यंत्र मनातल्या मनात एक्स म्हणजे एक असं म्हणून कामाला लागत होतं.

मग बाकीच्यांचे आलेख का बिघडले नाहीत? तिथेही माझाच शहाणपणा. यंत्राला ‘याचा अर्थ अमुक’ असं सांगायच्या दोन तऱ्हा होत्या. बरोबरच्या चिन्हाआधी दोन ठिपके दिले की ते नुसती कृती लिहून ठेवतं आणि विचाराल तेव्हा ताजा स्वयंपाक करतं. ठिपके न देता नुसतं बरोबर लिहिलं की ते तिथल्या तिथे शिजवून ठेवतं आणि नंतर तेच वाढतं. एरवी मी ठिपके देत असे. सरांचं सूत्र अवघड, दरवेळी शिजवायला वेळ लागेल, म्हणून मी ते एकदाच शिजवून घेतलं होतं. शिजवताना एक्सच्या, म्हणजे तासांच्या, जागी एक होता. त्यामुळे सरांच्या सबंध सूत्रातून पहिल्या तासाचं एक उत्तर निघालं आणि यंत्र तेच शिळं उत्तर प्रत्येक तासाच्या पानात वाढत राहिलं. ओळीच्या शेवटी मी अर्धविरामही दिला होता. तो दिला की यंत्र उत्तर दाखवत नाही, पडदा नीटनेटका राहतो. नसता दिला तर सूत्राच्या जागी नुसता एक आकडा आलेला मला पहिल्याच दिवशी दिसला असता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मैत्रिणीच्या यंत्राला आमच्या दसऱ्याची गंधवार्ता नव्हती, म्हणून तिथे रेष चढली. मी ती ओळ पुसली, सॉफ्टवेअर परत सुरू केलं, आज्ञा दिली. रेष चढली. मी ती छापली, ट्रेसिंग पेपरवर ठेवली. दोन रेषांची एक झाली. अण्णांनी मागून बघितलं आणि म्हणाले, गेली ना दृष्ट? मी म्हटलं, हो अण्णा, माझीच होती.

तो बुधवार होता. मी तशीच जयनगरला गेले. सरांनी दार उघडलं, कागद हातात घेतला, खिडकीपाशी नेला. त्यांना काही सांगावं लागलं नाही. मग म्हणाले, “बस. वह्या दाखवल्या असत्या तुला. ताळा करून बघायला हव्या होत्या. पण सोमवारी रद्दीवाला आला होता.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, अकराही वह्या रद्दीत गेल्या होत्या. आम्ही दोघं बाजारामागच्या रद्दीच्या दुकानात गेलो. दुकानदार चांगला माणूस होता, त्यानं तीन गठ्ठे सोडून दाखवले. त्यात वह्या नव्हत्या. सोमवारचा माल मंगळवारी पुढे गेला होता.

परत आल्यावर मी सगळं सांगितलं. दसरा, वडिलांचं ‘लाभ’, एक, ती फाईल, शिळं उत्तर, अर्धविराम. म्हटलं, सर, यंत्राची चूक नव्हती, माझी होती. आणि मला रडू कोसळलं. मी एरवी रडत नाही, भांडते. पण तिथे भांडायला कुणी नव्हतंच. त्यांनी मला ओरडावं असं मला फार वाटत होतं.

ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, “म्हणजे ती आडवी रेष किती उंचीवर होती?”

“शून्य पूर्णांक चार सहा तीन.”

“पहिल्या तासाचा आकडा,” सर म्हणाले. “वैशाखात काढला होता. नऊ दिवस लागले होते त्याला. पंखा बंद करून बसायचो, कागद उडतात म्हणून. माझंच उत्तर होतं गं ते. तीन आठवडे ते यंत्र मला माझंच उत्तर सांगत होतं आणि मी ते ओळखलं नाही. वर म्हटलं, पुस्तकवाले बरोबर.”

आतून त्यांच्या बायकोनं कॉफी पाठवली होती, ती आम्ही गार झाल्यावर प्यायलो.

निघताना ते म्हणाले, “ती आडवी रेष आण उद्या.” मी म्हटलं, सर, ही चांगली आहे ना, हीच पाठवा. निबंध परत पाठवता येईल. ते म्हणाले, “ही तुझ्या यंत्राची. पाठवायची तेव्हा पाठवू. माझी रेष ट्रेसिंग पेपरवर आहे, पण आकड्यांतला उरला असेल तर तेवढा एकच. तो आण.”

आडव्या रेषेचा आधीचा कागद चूक सापडल्यावर मी रागानं फाडून टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणकापुढे बसले आणि तीन आठवडे जी चूक शोधत होते ती परत जशीच्या तशी केली. एक्स बरोबर एक. ठिपके न देता बरोबर. शेवटी अर्धविराम. रेष आडवी आली. छापली आणि जयनगरला नेऊन दिली.

सरांनी एक नवी वही आणून ठेवली होती. रेषेचा कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला, वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या तासासमोर शून्य पूर्णांक चार सहा तीन असं लिहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमच्यात याला लाभ म्हणतात ना?” मग पंखा बंद केला आणि दुसऱ्या तासाच्या आकड्याला लागले.

तो निघायला त्यांना बारा दिवस लागले. मी रोज संध्याकाळी जात होते. दुसऱ्या तासाचं यंत्राचं उत्तर पहिल्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेलं होतं. त्यांनी ते विचारलं नाही आणि मी दाखवलं नाही.